पान पिवळे पडण्याआधी

कामशेतच्या परसातल्या कागदी लिंबाला मावळातला धो धो पाऊस सोसतोच असे नाही. भर पावसाळ्यात पानांवर खरखरीत तपकिरी फोड उठतात, फोडाभोवती पिवळे कडे दिसते, आणि फळावर देवी आल्यासारखे व्रण पडतात. हा खैऱ्या, म्हणजेच कँकर. त्याचे जिवाणू वाऱ्यापावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात. पण तो निदान डोळ्यांना दिसतो, रोगट फांदी वेळीच छाटता येते.

ग्रीनिंग या दुसऱ्या रोगाचे तसे नाही. त्याचे जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत दडून असतात. सिट्रस सायला नावाची इवलीशी कीड नव्या पालवीतला रस शोषताना त्यांना एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. रोगट झाडाचा डोळा भरला तर कलमातूनही रोग येतो. लक्षणे दिसायला कधी काही महिने, कधी काही वर्षे लागतात. तोवर शेजारची झाडे सुटलेली नसतात.

लक्षणे दिसली तरी ती चकवतात. जस्ताच्या कमतरतेनेही पान पिवळे पडते, पण तेव्हा मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पिवळेपणा सारखा असतो. ग्रीनिंगचे चट्टे एका बाजूला एक तर दुसऱ्या बाजूला भलतेच. पान उजेडात धरून पाहिले की हा फरक कळतो, तरी नुसत्या नजरेवर झाड तोडायला कुणाचा हात धजावेल?

बागेतच करता येणारी एक साधी चाचणी आहे. अन्नवाहिन्या तुंबल्याने रोगट पानात पिष्ट साचते. पान सँडपेपरने घासून तो कीस थोड्या पाण्यात घ्यायचा, वर आयोडीनचा थेंब टाकायचा. रंग काळपट झाला तर संशय बळावतो. पण पिष्ट इतर कारणांनीही साचते, त्यामुळे ही केवळ पहिली चाळणी. पक्के निदान पीसीआरने होते. जपानमध्ये 2000 च्या सुमारास पुढे आलेल्या लॅम्प पद्धतीत साधारण 60 ते 65 अंशांच्या एकाच तापमानावर तासाभरात जिवाणूचा जनुकीय अंश सापडतो. पीसीआरसारखे तापमान सतत वरखाली करणारे महागडे यंत्र लागत नाही.

उशीर झाला तर काय होते, हे फ्लोरिडाने पाहिले. 2005 मध्ये तिथे ग्रीनिंग आढळला. पुढच्या वीस वर्षांत तिथले संत्र्याचे उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. तिथे प्रशिक्षित कुत्र्यांनाही वासावरून रोगट झाडे ओळखायला शिकवले गेले.

मोर्शी, वरूड, काटोलच्या संत्रापट्ट्यासाठी या चाचण्यांची खरी जागा रोपवाटिकेत आहे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त मातृवृक्षांवर काम चालते. एका मातृवृक्षाचे डोळे शेकडो कलमांत जातात, म्हणून त्याची तपासणी आधी व्हायला हवी. तीही एका पानावर भागत नाही. जिवाणू झाडात सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे चारही बाजूंच्या फांद्यांची पाने घेऊन त्यांचे देठ आणि मधल्या शिरा तपासाव्या लागतात.