रतांबा लावताय? आधी कलम बघून घ्या

बियांपासून कोकम, म्हणजेच रतांबा, लावलं तर निम्मी झाडं नर निघू शकतात, आणि ते कळेपर्यंत सहा-सात वर्षं गेलेली असतात! म्हणून कलमच घ्या. दापोली कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात पावसाआधी तयार होते. कलमाची काडी उभ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीचं कलम झुडपासारखं पसरतं.

एप्रिल-मेमध्ये फळं लालभडक झाली की उतरवायची. आमसुलासाठी सालं मीठ घातलेल्या रतांब्याच्याच रसात बुडवायची, कडक उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. चार-पाच पुटं चढली की साल काळसर होते, तरी बोटाला मऊ लागते. एका पुटात उरकलेलं आमसूल मी तरी विकत घेणार नाही.

आणि बिया टाकू नका. त्यांचं तेल, म्हणजे मुठेल, भेगाळलेल्या टाचांना लावतात.