कानातल्या बिल्ल्यामागे

केजला बँकेत होतो तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून संकरित गाई देण्याची धूम होती. गाय घेतली की तिच्या कानात विम्याचा बिल्ला ठोकायचा आणि नंबर कागदावर उतरवायचा. गाय दगावली तर बिल्ला हजर करावा लागे. बिल्ला नाही तर दावा नाही. त्या निमित्ताने मी पुष्कळ गाईंचे कान पाहिले. कानामागे एरंडीच्या बीसारखे टपोरे गोचीड लटकलेले असत. तेही पाहिले, पण नोंद केली ती फक्त बिल्ल्याची!

एका पावसाळ्यात एक कर्जदार बाई आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी बिल्ला टेबलावर ठेवला. "साहेब, गाय चार दिवस तापानं फणफणली, खांद्यापुढं गाठी आल्या, मग उठलीच नाही." दावा मंजूर झाला, रक्कम कर्जखात्यात जमा झाली. बँकेचा हिशोब मिटला. बाईंच्या हाती रिकामं दावं उरलं.

त्या गाठींचा अर्थ नंतर एका पशुवैद्य मित्राने सांगितला. तो गोचीडताप, म्हणजे थायलेरियोसिस. तो म्हणाला, "गोचिडाचे पाय बघत जा." तपकिरी, लांब पायांवर फिकट पट्टे असलेला तो हायलोमा, हा ताप त्याच्यामुळे पसरतो. आखूड पायांचा, रक्त पिऊन करडा फुगणारा तो बूफिलस. त्याचा मुक्काम जन्मभर एकाच जनावरावर. त्याच्यामुळे होणाऱ्या बॅबेसिओसिसमध्ये लघवी लालभडक किंवा कॉफीसारखी होते. कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात भरणारा तिसरा; त्याच्यामुळे कुत्र्याला ताप येतो, कधी नाकातून रक्तही येते.

आपली लाल कंधारी, देवणी या आजारांना बरीच तोंड देते. संकरित गाय लवकर खचते. आम्ही जास्त दुधाची गाय दिली, पण तिच्या गोठ्याचा विचार कर्जाच्या कागदांत नव्हता. रक्त पिऊन तट्ट फुगलेली मादी खाली गळते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून नुसते जनावराला औषध लावून भागत नाही, गोठ्याच्या फटीही लिंपाव्या लागतात. गोचीडताप वेळीच ओळखला तर त्यावर औषध आहे; मात्र डॉक्टरांना पहिल्याच दिवशी बोलवायला हवे.

हे दुखणे जनावरांपुरतेच नाही. हायलोमामुळे माणसाला होणारा क्रिमियन-काँगो ताप भारतात प्रथम २०११ साली गुजरातेत आढळला. जंगलातल्या वेगळ्या गोचिडांमुळे पसरणारा माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गात दिसला. तेव्हा गोचीड नखाने किंवा बोटांनी चिरडू नका. अंगाला चिकटला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा, मग जागा आणि हात साबणाने धुवावेत. पुढे ताप आलाच, तर डॉक्टरांना गोचिडाचे आवर्जून सांगावे.

आज रविवार. घरी गाय किंवा कुत्रा असेल, तर एकदा कानामागे पाहा. मी ते वेळेवर पाहूनही पाहिले नव्हते.