लूझ : ग्वादियानाकाठचे एक गाव

पोर्तुगाल म्हटले की आपल्या मनात लिस्बन उभे राहते, आणि लिस्बनपाठोपाठ समुद्र, गलबते, वास्को द गामा. परंतु त्या देशाचा सारा दक्षिण-मध्य भाग समुद्राकडे पाठ फिरवून शेती करीत बसलेला आहे. तेज (ताग) नदीच्या पलीकडचा म्हणून त्याचे नाव आलेंतेजो. गव्हाची लांबच लांब पठारे, बुचाच्या आणि ओकच्या झाडांची विरळ राने, चुन्याने पांढरी केलेली बैठी घरे, त्यांच्या जोत्यावर निळा किंवा पिवळा पट्टा आणि घराच्या मानाने भलतेच मोठे धुराडे. उन्हाळा असा कडक, की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. शिळ्या पावात लसूण, ऑलिव्हचे तेल आणि मुबलक कोथिंबीर घालून केलेली ‘आसोर्दा’ हे तिथले गरिबाचे जेवण. युरोपात कोथिंबिरीवर इतके प्रेम करणारा मुलूख विरळाच, हे आपल्या गृहिणींना कळले तर त्यांना तो परका वाटणार नाही.

या मुलखाच्या पूर्व सीमेवर, स्पेनला लागून, मौरांव नावाच्या तालुक्यात लूझ ही एक ‘फ्रेगेझिया’ आहे. फ्रेगेझिया म्हणजे आपल्या गोव्याची फिर्गज. पण पोर्तुगालमध्ये ती केवळ चर्चची हद्द नसून स्थानिक कारभाराचे सर्वांत लहान, निवडून आलेले एककही आहे. लूझ म्हणजे प्रकाश. ‘नोस्सा सेन्योरा द लूझ’, म्हणजे प्रकाशमाता, हिच्या नावावरून हे नाव पडले. याच मातेचे चर्च पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मद्रासच्या मैलापुरातही बांधले, आणि त्यावरून तिथल्या एका चौकाला आजही लोक ‘लझ’ म्हणतात.

गावाच्या पश्चिमेची नदी ग्वादियाना. रोमन लोक तिला ‘आनास’ म्हणत. अरबांनी त्यास आपला ‘वादी’, म्हणजे नदी, हा शब्द जोडला. अशा रीतीने दोन भाषांतून बनलेल्या नावाची ही नदी. स्पेनमध्ये उगम पावून, काही अंतर दोन्ही देशांची सीमा होऊन ती अटलांटिकला मिळते. तिच्या पात्रात दगडी पाणचक्क्या होत्या. हिवाळ्यात पूर आला की त्या पाण्याखाली जात आणि पूर ओसरल्यावर पुन्हा दळू लागत. म्हणूनच त्यांच्या भिंती जाड आणि छपरे कमानदार बांधलेली असत. याच हद्दीत ‘कास्तेलो द लोझा’ ही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली तटबंद रोमन वास्तूही होती.

‘होती’ असे लिहिण्याचे कारण म्हणजे आल्केवाचे धरण. आलेंतेजोला पाणी हवे होते, हे खरे. मोठ्या जमीनदारांच्या शेतांवर हंगामापुरती मजुरी करून उरलेले महिने उपाशी राहणारा तो प्रदेश. १९५७ पासून सिंचनाच्या योजना कागदावर होत्या. १९७६ मध्ये काम सुरू झाले, १९७८ मध्ये थांबले, आणि नव्वदीच्या दशकात पुन्हा हाती घेतले गेले. मध्यंतरी अर्धवट भिंतीवर कोणीतरी मोठ्या अक्षरांत ‘मला बांधा!’ अशी विनवणी शिवीसकट लिहून ठेवली होती. धरण मागणाऱ्यांत आलेंतेजोचीच माणसे होती. बुडायचे मात्र लूझने होते.

८ फेब्रुवारी २००२ रोजी ९६ मीटर उंचीच्या भिंतीचे दरवाजे बंद झाले. पश्चिम युरोपातला सर्वांत मोठा कृत्रिम जलाशय, सुमारे २५० चौरस किलोमीटरचा, भरू लागला. त्यासाठी लाखो झाडे आधीच तोडण्यात आली होती. रोमन वास्तू वाळूच्या पोत्यांखाली झाकून पाण्याच्या स्वाधीन केली.

गावकऱ्यांसाठी सुमारे दोन किलोमीटरवर नवे लूझ बांधले गेले. घराच्या बदली घर द्यायचे आणि शेजाऱ्याला शेजारी ठेवायचे, असे ठरले. पुनर्वसनात घरापेक्षा शेजार अधिक मोलाचा असतो, हे ओळखणाऱ्यांना दाद द्यावीशी वाटते. चर्चची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली. पण सर्वांत अवघड प्रश्न होता दफनभूमीचा. पूर्वजांना पाण्याखाली सोडून जाण्यास लोक तयार होणे शक्यच नव्हते. तेव्हा मृतांचे अवशेष उकरून नव्या दफनभूमीत नेण्यात आले. त्याच वर्षी जिवंत माणसेही नव्या घरांत राहायला गेली, आणि जुनी घरे पाडण्यात आली.

साळावलीच्या धरणात गेलेले आपले कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचे जन्मगाव, मे महिन्यात पाणी ओसरले की चौथऱ्यांसह वर येते. माणसे जमतात, आपापली अंगणे शोधतात. जुन्या लूझला तेवढेही नशिबी नाही. पाडलेल्या गावाचे उघडे पडणार तरी काय?

२००३ मध्ये नव्या गावात चर्च आणि दफनभूमीच्या शेजारी ‘म्युझेउ द लूझ’ हे संग्रहालय उघडले. तिथल्याच काळसर पाषाणाचे, जमिनीशी बिलगलेले. जुन्या गावातली अवजारे, वस्तू, छायाचित्रे त्यात आहेत.

जलाशय पूर्ण पातळीस पहिल्यांदा पोहोचला तो जानेवारी २०१० मध्ये. आता आल्केवाच्या पाण्यावर लाखाहून अधिक हेक्टर जमीन भिजते. जिथे गहू होता तिथे ऑलिव्हच्या दाट रांगा आहेत, वीज निर्माण होते, होड्या फिरतात. लहानशा वस्तीच्या लूझमधली तरुण मुले कामधंद्यासाठी बाहेर जातात, तशी ती धरणापूर्वीही जात. नदी पूर्वी गावापासून दूर होती. शेतांतून उतरून तिच्याकडे जावे लागे. आज पाणी गावाच्या जवळ येऊन थांबले आहे.