दुसऱ्यानं लिहिलेला कोड

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना माणसं हवी होती. उमेदवार कुठल्या शाखेचा आहे हे फारसं कोणी विचारत नसे. मेकॅनिकल, टेक्स्टाईल, सिव्हिल, सगळे चालायचे. मी सांगलीहून सिव्हिल करून आले होते. काही महिने आम्हाला कोबोल शिकवलं आणि थेट एका परदेशी बँकेच्या कोडसमोर बसवलं. त्यात सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले होते. म्हणजे २००० उजाडलं की संगणकाला ते १९०० वाटणार आणि व्याजाचा हिशेब उलटा फिरणार. अशी प्रत्येक जागा हुडकून दुरुस्त करायची, हे आमचं काम. कोड लिहिणारे केव्हाच निवृत्त झालेले, कागदपत्रं अर्धवट.

या कामाला 'मेंटेनन्स' म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खालीच असे. माझ्या मते तेच आमचं खरं विद्यापीठ होतं. जुन्या वाड्याची भिंत पाडण्याआधी तिच्यावर कुठल्या तुळईचा भार आहे ते बघावं लागतं. तसं एक ओळ बदलण्याआधी तिच्यावर आणखी कोण अवलंबून आहे ते शोधावं लागे. हे शोधणं म्हणजेच या धंद्यातलं निम्म्याहून अधिक काम. आता कॉलेजात शिकवते, तेव्हा हेच अभ्यासक्रमात कुठं दिसत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे चार वर्षं मुलं काय करतात? लिंक्ड लिस्ट, बायनरी सर्च, सॉर्टिंग. प्रत्येक प्रोग्रॅम कोऱ्या पानापासून सुरू होतो, एका दुपारच्या प्रॅक्टिकलमध्ये चालतो, जर्नलमध्ये उतरतो, सही झाली की संपतो. उद्योगातून टर्बो सी केव्हाच हद्दपार झालं, तरी कित्येक लॅबमध्ये त्याची निळी स्क्रीन वर्षानुवर्षं तशीच राहिली. डेटा स्ट्रक्चर शिकवू नयेत असं मी मुळीच म्हणत नाही. तो पाया आहे आणि तो पक्काच हवा. पण पहिल्या नोकरीत मुलाच्या पुढ्यात येतो तो शेकडो लोकांनी वीस वर्षांत लिहिलेला लाखो ओळींचा कोड. तो कसा वाचायचा, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

ही फट कंपन्या आपल्या खर्चानं बुजवतात. इन्फोसिसनं म्हैसूरला फ्रेशर्ससाठी अख्खं निवासी शिक्षणसंकुल उभारलं. पुण्यात सी-डॅकच्या सहा महिन्यांच्या डिप्लोमाला इंजिनिअर झालेली मुलं पुन्हा विद्यार्थी होऊन बसतात. हे शिकवणं किती महाग असतं ते आयबीएमचे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय. रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो, असं त्यांचं म्हणणं. त्याचं एक मोठं कारण असं, की नव्यांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो.

वाचायचं म्हणजे काय वाचायचं, हे सांगायला मी वर्गात आरियान-५ घेते. ४ जून १९९६, फ्रेंच गयाना. युरोपचं नवं रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सदतीसएक सेकंदांत भरकटलं आणि नष्ट झालं. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतला कोड आरियान-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जायची, आणि तिथं ३२,७६७ च्या पलीकडचा आकडा मावत नाही. जुन्या रॉकेटच्या मार्गावर तेवढा आकडा कधी येतच नसे. नवं रॉकेट अधिक वेगानं आडवं सरकत होतं. यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच कोड होता, त्यामुळे तीही पडली. आणि ज्या हिशेबापायी हे घडलं, त्याचा नव्या रॉकेटला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता!

मुलं विचारतात, "मॅडम, मग चूक कुणाची?" यावर आमचा सबंध तास जातो आणि तो मी आनंदानं जाऊ देते. ओळ बरोबर होती. ती ज्या गृहीतावर उभी होती ते बदललं होतं, आणि नव्या मार्गाचे आकडे घालून ती कुणी तपासली नव्हती. कोड वाचायचा म्हणजे ही न लिहिलेली गृहीतकं वाचायची. आता मागाल तो कोड यंत्रच लिहून देतं. म्हणजे वाचायला दुसऱ्यानं लिहिलेला कोड आणखी वाढला.

फायनल इयरच्या प्रोजेक्टची आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. चौघांचा ग्रुप, शेवटच्या महिन्यातली जागरणं, सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक, एक्सटर्नलपुढे डेमो. मग ते पुस्तक लायब्ररीच्या कपाटात आणि कोड कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमध्ये. माझ्याकडच्या ग्रुपना मी आता हे करू देत नाही. मागच्या बॅचचा प्रोजेक्ट पुढच्या बॅचनं ताब्यात घ्यायचा, त्यातले दोष काढायचे, एक नवी सोय जोडायची. प्रत्येक बदल गिटमध्ये कारणासकट नोंदवायचा आणि दुसऱ्या ग्रुपनं तो तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही. सुरुवातीला कुरकुर होते, "आम्ही नव्यानं लिहिलं तर लवकर होईल" असं हटकून ऐकायला मिळतं. मग हिंजवडीत नोकरीला लागलेल्या सीनिअरला रात्री फोन जातात: "दादा, हे फंक्शन दोनदा का बोलावलंयस रे?" दादालाही ते आठवत नसतं. असे दोन-तीन फोन झाले, की मी न सांगता मुलं आपापल्या कोडशेजारी कारणं लिहायला लागतात.