मानवतचा कापसाचा दिवस

पहाटे पाच. डिसेंबरची थंडी. मानवतच्या बाजार समितीकडे पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागायला सुरुवात होते. ट्रॉलीत कापूस, कापसावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर गोधडी गुंडाळून झोपलेला मालक. टपरीवर पहिला चहा उकळतो तोच मुळी या रांगेच्या जिवावर.

आठ-नऊ. दंव ओसरलं की आसपासच्या शिवारात बाया वेचणीला उतरतात. वेचणीची मजुरी किलोमागं दहा रुपयांच्या घरात गेली आहे, म्हणजे क्विंटलचे हजार रुपये वावरातच संपतात. 2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 8110 रुपये. बियाणं, खत, फवारणी वजा करून बाकी काय उरते, ते ज्याचं त्यानं मांडावं.

साडेनऊ. व्यापाऱ्यांचे फोन सुरू. रुईची खंडी, म्हणजे 356 किलो, काय भावानं गेली? सरकी कुठं आहे? शेतकऱ्याला वाटतं आपण कापूस विकतो; खरेदीदार सरकीचा हिशेब आधी करतो, कारण क्विंटलभर कापसात सरकीच 63-65 किलो निघते आणि रुई जेमतेम 33-35. 2025-26 च्या हंगामात त्यात दिल्लीची भर पडली. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं आयातीवरचं 11 टक्के शुल्क उठवलं आणि ती सवलत पुढं 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमका आपला माल बाजारात यायच्या वेळेला!

अकरा. दिवसाचा खरा तास हाच. जिनिंगवाल्यांचे खरेदीदार गाडीगाडीशी फिरतात. वरचा कापूस कुणीच बघत नाही, तो पांढराशुभ्रच असायचा. हात कोपरापर्यंत आत जातो आणि तळातला पुंजका बाहेर येतो. दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ताणून बघायचा, मग एक सरकी दाताखाली. कट्ट वाजली तर माल सुका.

"काका, पाणी मारलंय का?"

"पाणी कशाचं मालक, रातचं दंव हाय."

दोघांनाही खरं काय ते ठाऊक असतं. बोली पन्नास-शंभरानं चढते आणि अडते. शेतकरी आपल्याच गाडीवर उभा राहून ती ऐकतो. खेडा खरेदीत हे सुख नाही; तिथं दारात आलेला एकच माणूस भाव सांगतो आणि काटाही त्याचाच.

कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हमीभाव देतं, पण मशीनवर ओलावा 8 टक्क्यांवर गेला की कपात आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. त्याआधी सातबारा, आधार, ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. ज्याच्या घरी लग्न आहे किंवा दुकानदाराची उधारी थकली आहे, तो कमी भाव घेऊन खासगीत गाडी खाली करतो. त्याला मूर्ख म्हणणाऱ्यांनी एकदा अशी उधारी अंगावर घेऊन बघावी.

दुपारी दोन. गाड्या जिनिंगवर. तरंगती रुई भुवयांवर बसते; हमाल तोंडाला उपरणं बांधून कापूस ओढतात. साधारण पाच क्विंटल कापसातून 170 किलोची एक गठाण बांधली जाते. सरकी तेलाच्या घाण्याकडं, पेंड गोठ्यात. इथं विडी ओढणाऱ्याला गेटाबाहेर काढतात ते शिस्तीपायी नाही, आगीच्या भीतीपायी.

चार. चहाच्या वेळी म्हातारी माणसं जुनं काढतात. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली, ती गावाला वळसा घालून गेली. स्टेशनाचं नावच ‘मानवत रोड’. मानवतला रूळ कधी गावात आलाच नाही, तरी बाजार टिकला, कारण माल काळ्या रानातून येत होता, स्टेशनातून नाही. पुढं 1972 ला एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि तीसेक वर्षं शेतकऱ्यानं पणन महासंघाच्याच काट्यावर जायचं, असा कायदा झाला. हमखास गिऱ्हाईक मिळालं, पण चुकाऱ्यासाठी हेलपाटेही मिळाले. जायकवाडीचा डावा कालवा आला तसा ऊस शिरला, तरी कापूस हटला नाही.

बाहेरच्या माणसाला मात्र मानवत म्हटलं की 1972 ते 74 मधलं हत्याकांडच आठवतं. आता तर त्यावर वेबमालिकाही झाली. गावानं ते नाव पन्नास वर्षं वागवलं, तेवढं पुरे.

सात. किराणा, कापड आणि सराफाच्या दुकानांत गर्दी. सकाळचा चुकारा संध्याकाळी या पेठेत फिरतो. ज्या वर्षी बोंडअळी किंवा परतीचा पाऊस कापूस नेतो, त्या वर्षी इथले दुकानदारही हात चोळत बसतात.

रात्री दहा. जिनिंग चालूच. गठाणींचे ट्रक दूरच्या सूतगिरण्यांकडं निघतात. गावाच्या वाट्याला हमाली, तोलाई, सरकी आणि व्यापाऱ्याचा नफा येतो. धाग्यावरची आणि कापडावरची मोठी कमाई ट्रकबरोबर बाहेर जाते. इतक्या जुन्या बाजाराची ही कमाई कमीच म्हणायची. तरीही दहा जणांसमोर उघड बोली होणारा हा लिलाव मानवतनं मोडू देऊ नये. शेतकऱ्यांनीही माल वाळवून, प्रतवार वेगळा करून आणावा. भिजलेल्या एका ढिगापायी सगळ्या गाडीचा भाव पडतो.