स्वस्त घर, महाग प्रवास? भाड्याआधी मांडा तासांचा हिशेब

नोकरी मुंबईत, घर बदलापुरात, असा बेत करताना अनेक जण फक्त घरभाडे पाहतात. पण सीएसएमटीपासून ठाणे सुमारे ३४ किलोमीटर, कल्याण ५४, तर बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे.

अंतराइतकीच गाड्यांची संख्याही महत्त्वाची. कल्याणनंतर मार्ग कर्जत आणि कसाऱ्याकडे फुटतो. कल्याणकरांना दोन्हीकडच्या लोकल मिळतात. पुढच्यांना फक्त आपल्या मार्गावरच्या. एक चुकली की ताटकळणे आले.

हिशेब असा करा : समजा, लांबच्या घराचे भाडे ५ हजारांनी कमी आहे, पण येऊन-जाऊन रोज २ तास जास्त लागतात. २५ दिवसांचे ५० तास झाले. म्हणजे तुमचा एक तास १०० रुपयांना गेला. रेल्वेचा पास स्वस्त असतो. खिसा कापते ती स्टेशनपर्यंतची रिक्षा. तिचे रोज ८० रुपये जादा गेले, तर तोच तास ६० रुपयांवर येतो.

डिपॉझिट देण्यापूर्वी एखाद्या सोमवारी, गर्दीच्या वेळी, त्या घरापासून ऑफिसपर्यंत जाऊन पाहा. संध्याकाळी परतही या. जाहिरातीतली ‘स्टेशनपासून ५ मिनिटे’ किती खरी, ते तेव्हाच कळते.