पुढे पसरलेले दोन हात

जानेवारी १८९०. दक्षिण फ्रान्समधल्या सें-रेमीचं मनोरुग्णालय. व्हिन्सेंट व्हॅन गॉगसमोर एका चित्राचा कृष्णधवल फोटो आहे, धाकट्या भावानं, थिओनं पाठवलेला. व्हिन्सेंट त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारून चौकोन पाडतो, तेवढेच चौकोन मोठे करून कॅनव्हासवर आखतो, आणि इथल्या चौकोनातलं तिथल्या चौकोनात उतरवत जातो. शाळेत चित्र मोठं करायला आपल्याला शिकवतात, अगदी तसंच!

नवल वाटतं ते इथे. हा माणूस तेव्हा शिकाऊ नव्हता. सूर्यफुलं रंगवून झाली होती. ‘तारांकित रात्र’ त्यानं याच रुग्णालयात सात महिन्यांपूर्वी रंगवली होती. मग एवढा चित्रकार दुसऱ्याचं चित्र का गिरवत बसला?

ते दुसरे म्हणजे झाँ-फ्रांस्वा मिले, शेतात राबणाऱ्या माणसांचे चित्रकार. दोघांची भेट कधीच झाली नाही. मिले १८७५ मध्येच वारले. पण १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या भागात व्हिन्सेंटनं चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा त्यानं हात बसवला तो मिलेंच्याच चित्रांवर. त्यांचा बी पेरणारा शेतकरी त्यानं पुन्हा पुन्हा काढला. आता आजाराचे झटके येत होते, पुढचा कधी येईल ही धास्ती होती, समोर बसायला माणसं मिळत नव्हती. अशा वेळी तो पुन्हा त्याच दारी गेला. त्या शरदात आणि हिवाळ्यात त्यानं मिलेंवरून एकवीस चित्रं केली.

याला तो नक्कल म्हणत नव्हता. त्यानं थिओला कळवलं की, दुसऱ्यानं रचलेलं संगीत वादक आपल्या परीनं वाजवतो, तसंच हे आहे. काळं-पांढरं चित्र समोर ठेवायचं आणि रंग मनानं लावत जायचं. मग ब्रश बोटांत व्हायोलिनच्या गजासारखा फिरतो. गाणं ऐकणाऱ्याला हे चटकन पटेल. बंदिश तीच असते, पण दोन गवयांच्या गळ्यांतून ती दोन तऱ्हांनी उलगडते. मिलेंच्या फोटोत रंग नव्हतेच. कोणता हिरवा, कोणता निळा, हे सगळं व्हिन्सेंटला स्वतःच ठरवायचं होतं. चौकट उसनी होती, म्हणूनच रंगांत तो बेधडक उडी घेऊ शकला.

असं त्यानं आधीही केलं होतं. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये असताना हिरोशिगे या जपानी कलावंताची लाकडी ठशांनी छापलेली चित्रं त्याच्या हाती आली. त्यातल्या एकात, १८५७ च्या, पुलावर अचानक सर कोसळते आहे, माणसं छत्र्या-टोप्यांखाली अंग चोरून पळताहेत, आणि पाऊस म्हणजे काय, तर केसासारख्या बारीक काळ्या रेघा! पाऊस असा नुसत्या रेघांनी काढता येतो? व्हिन्सेंटनं ते चित्र तैलरंगात केलं, रंग आणखी भडक केले, आणि भोवतीच्या किनारीत दुसऱ्या चित्रांतली जपानी अक्षरंही उतरवली. फुललेल्या प्लमच्या बागेचं हिरोशिगेंचं चित्र तर त्यानं आधी पारदर्शक कागदावर गिरवून घेतलं.

हे गिरवणं पुढे कुठे गेलं? फेब्रुवारी १८९० मध्ये त्यानं मोहरलेल्या बदामाच्या फांद्या रंगवल्या. निळं आकाश, ठसठशीत रेषा, चौकटीच्या कडेला मध्येच कापल्या गेलेल्या फांद्या. ही नजर त्याला जपानी चित्रांनी दिली. चित्र मात्र पूर्णपणे त्याचं होतं. ते थिओच्या नवजात मुलासाठी होतं. ३१ जानेवारीला जन्मलेल्या त्या बाळाचं नाव काकावरूनच ठेवलं होतं : व्हिन्सेंट.

बरोबर शंभर वर्षांनी, १९९० मध्ये, जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या ‘ड्रीम्स’ चित्रपटात एक तरुण व्हॅन गॉगच्या चित्रांत शिरतो आणि त्या रंगांमधून चालत राहतो. तरुणपणी कुरोसावांना स्वतःला चित्रकार व्हायचं होतं. जपानमधून निघालेली लाट फ्रान्सला लागून पुन्हा जपानच्या किनाऱ्यावर आली!

आता जानेवारीतल्या त्या फोटोकडे परत येऊ. मिलेंच्या त्या चित्राचं नाव ‘पहिली पावलं’. बागेत काम करणाऱ्या बापानं फावडं खाली टाकलंय. तो गुडघ्यावर बसून दोन्ही हात पसरतो. पलीकडे आई वाकून तान्ह्याला धरून उभी आहे. मधे थोडीशी जमीन आहे, मुलानं अजून न ओलांडलेली. थिओच्या घरी बाळ येणार हे ठाऊक असताना व्हिन्सेंट चौकोनामागून चौकोन भरत होता. पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसानं काढलेले ते पसरलेले हात समोर होते, आणि त्यांच्याकडे बघत त्याचा ब्रश चालत राहिला.